हिरव्या बोटीला कोण सांगतं

तांडेलाने मला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तेव्हा आम्ही ओरेगनच्या किनाऱ्यापासून अठरा मैल समुद्रात होतो. आदल्या दिवशी जिथे आम्हाला मासे लागले होते नेमक्या त्याच जागेवर हिरवी बोट आमच्या आधी येऊन गळ ओढत फिरत होती.

"तुझ्याशिवाय ती भाषा या गावात कोणाला येते?"

"नो वन," मी म्हणालो.

पहिल्यांदा विचारलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. तेव्हा तो हसला होता. या वेळी त्याने दुर्बीण खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि बोट फिरवली. मी मागे जाऊन सुऱ्या धुवायला लागलो. सुऱ्या धुतलेल्याच होत्या.

तांडेल म्हणजे आमच्या कोकणात बोटीचा मुख्य. इथे त्याला कॅप म्हणतात. मीही तोंडाने कॅपच म्हणतो, पण मनात तांडेलच येतं. साठी उलटलेला गोरा माणूस, एका कानाने कमी ऐकणारा, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा. बोटीवर आम्ही दोघंच. तो सुकाणू बघतो आणि तारांचं चक्र चालवतो. मी मासा आत घेतो, साफ करतो, पोटात बर्फ भरून खाली लावतो. सॅमन धरण्याची ही पद्धत मला आल्याआल्या आवडली. जाळं नाही. दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरायच्या, त्यांवरून तारा सोडायच्या, तारेच्या टोकाला नारळाएवढा शिशाचा गोळा आणि तारेला ठरावीक अंतरावर गळ. गळावर रबराची माकुलं, इथे त्याला स्क्विड म्हणतात. खरी माकुलं आम्ही घरी तिखट घालून खायचो. इथे खोटी माकुलं बघून एवढा शहाणा मासा फसतो.

मी इथे कसा पोचलो ते थोडं सांगायला हवं. माझं शिक्षण सातवी, तीही अर्धी. सहामाहीनंतर बोटीवर गेलो तो वीस वर्षं खाली उतरलोच नाही. ताईने अमेरिकेतून माझे व्हिसाचे कागद टाकले तेव्हा माझा मुलगा जन्मला नव्हता. आमचा नंबर लागला तेव्हा तो नववीत होता. ताई-भाऊजी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला राहतात. त्यांनी आम्हा तिघांना खालचा मजला दिला, शाळा बघून दिली, बायकोला एका केटररकडे पोळ्यांचं काम बघून दिलं. मी इंडियन स्टोअरमध्ये डाळीची पोती लावायचो. त्या दोघांचे उपकार मी कुठे फेडणार आहे! पण शनिवारी भाऊजींचे मित्र जमले की कोणीतरी विचारायचंच, "आणि तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी स्टोअरचं नाव सांगितलं की एकजण म्हणायचा, "अरे वा! ग्राउंड लेव्हलचा एक्सपिरियन्स पण पाहिजेच यार." मग सगळे एकदम समोशांचं कौतुक करायला लागायचे.

शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, यू आर लिटरली अ फिशरमन. व्हाय आर यू स्टॅकिंग डाल?" तिनेच कुठूनतरी ही नोकरी हुडकली, फॉर्म भरला, तांडेलाला फोन केला. मी शेजारी बसून होतो. ती त्याला म्हणाली की माझा मामा वीस वर्षं समुद्रावर होता, आणि तो कधी खोटं बोलत नाही. पहिली गोष्ट ठीक. दुसरी तिने कशाला सांगितली, हे मला तेव्हापासून टोचत होतं. माणसाने आपल्याबद्दल एवढं मोठं काही आधीच सांगून ठेवू नये.

मी बंदरात उतरलो तो पायात कापडी बूट घालून. तांडेलाने माझ्या पायांकडे बघितलं, गाडीत बसवलं, आणि न विचारता रबराचे गुडघ्यापर्यंतचे बूट घेऊन दिले. "आधी काम करून दाखवतो, मग द्या," असं मला म्हणायचं होतं. इंग्रजीत ते जमलं नाही. नुसतं थँक्यू म्हणालो, चारदा.

राहायला टेकडीवरच्या मोटेलात मागची खोली मिळाली. मोटेल एका गुजराती काकांचं. सत्तरीचे, एकटे, गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा न खाणारे, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर सगळे मासेमार. हॉलमध्ये येणाऱ्या वासाबद्दल कधी बोलले नाहीत, फक्त उदबत्त्या दोन लावायचे. पहाटे मी निघायच्या आधी माझ्यासाठी आल्याचा चहा तयार ठेवायचे, वर कागदात दोन थेपले. "खा भाई, समंदर में भूख लगती है." आम्ही आपसात हिंदीतच बोलायचो. माझं हिंदी खलाशी लोकांचं, त्यांचं दुकानदारीचं. हजारो मैलांत ते एकच माणूस होते ज्यांच्याशी बोलताना मला वाक्य आधी मनात जुळवावं लागत नसे.

आता आकड्यांची गोष्ट.

मासा कुठे लागला हे कोणी कोणाला सांगत नाही. आमच्या गावात नाही आणि इथेही नाही. पण समुद्र मोठा आणि मासा थोडा, म्हणून दोन-दोन बोटींची जोडी असते. आमची जोडी तांडेलाच्या मेव्हण्याच्या बोटीशी. एकाला मासा लागला की तो दुसऱ्याला रेडिओवर खुणेच्या भाषेत सांगणार. रेडिओ सगळे ऐकतात, म्हणून खूण. त्यांची जुनी खूण मागच्या वर्षी फुटली होती. एकदा मी शिसं खाली सोडताना सवयीने पुटपुटत होतो, तीस वाव, बत्तीस वाव, अन् तांडेलाने चांगला कान माझ्याकडे केला. "काय मोजतोयस?" मी सांगितलं. वाव म्हणजे त्यांचा फॅदमच, दोन्ही हात पसरले की तेवढं अंतर. त्याला गंमत वाटली. मग म्हणाला, "ही भाषा गावात कोणाला येते?"

"नो वन."

ठरलं. मी दोन पुठ्ठ्यांवर शून्य ते नऊ इंग्रजी अक्षरांत लिहून दोन्ही बोटींवर चिकटवले. बोलायचं मात्र मी. आधी खोलीचे दोन आकडे, मग नकाशावरच्या जागेच्या आकड्यांतले शेवटचे दोन. "तीन, आठ. पाच, चार." पलीकडून मेव्हणा वाचून उत्तर द्यायचा, "तिन्न, आत." पहिल्या दिवशी रेडिओवर माझी भाषा ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. शाळेने ज्याला अर्ध्यावर सोडलं, त्याच्या आकड्यांवर दोन अमेरिकन बोटी चालत होत्या. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरंय. आता पाढे नका म्हणायला सांगू कोणाला, तेराच्या पुढे तुम्हालाच येत नाहीत."

तीन आठवडे सुरेख गेले. मग हिरवी बोट यायला लागली.

आज आम्हाला एका जागी मासा लागला की उद्या उजाडता हिरवी बोट तिथे हजर. एकदा झालं, आम्ही म्हटलं योगायोग. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तांडेलाचं बोलणं आटलं. वीस वाक्यांवरून पाचावर आला. मी चहा ओतून दिला की कपाकडे न बघता घ्यायचा. एक दिवस मी मोबाइल काढून बायकोला मेसेज करत होतो, किनारा जवळ आला की सिग्नल येतो, तर तो मागे येऊन उभा. "कोणाला?" "वाइफ." त्याने मान हलवली, पण जागचा हलला नाही. मी मेसेज पुरा न करता मोबाइल खिशात टाकला, आणि टाकल्यावर कळलं की हे जास्तच वाईट दिसलं.

मग मला सगळ्यांचा संशय यायला लागला. मेव्हणा फितूर असेल का? सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर तांडेल कसा संशय घेणार; त्यापेक्षा संशयाला मी बरा. मेव्हण्याच्या बोटीवरचा माणूस पुठ्ठ्याचा फोटो काढून विकत असेल का? भाचीने कुठे कौतुकाने टाकलं असेल का, माय मामा अँड हिज मराठी कोड? मी तिला फोन करून विचारलं. "मामा, आर यू ओके? यू साउंड पॅरानॉइड." मी झोपेत बडबडतो का, हे बायकोला विचारलं. "घोरता," ती म्हणाली. हिरव्या बोटीचा मालक आमच्याच मोटेलात पुढच्या खोलीत राहायचा. लाल दाढीचा, दारात भेटला की "मॉर्निंग, बडी" म्हणणारा. त्याच्या त्या बडीचाही मला संशय. माझ्या खोलीची भिंत किती जाड आहे ते मी बोटाने वाजवून बघितलं. फोनवर मराठीत बोलायचं बंद केलं. बायकोशी हिंदीत बोलायला लागलो. तिने विचारलं, "कोणी शेजारी बसलंय का?"

आणि दुसऱ्यांदा प्रश्न आला तो असा, हिरवी बोट समोर असताना. त्या दिवशी परत येताना तांडेल म्हणाला की पुढच्या आठवड्यात त्याचा पुतण्या येतोय, त्याला काम हवंय. एवढंच. मी बूट काढून जागेवर ठेवले तेव्हा वाटलं, हे आता परत करायला धुवून ठेवावे लागतील. बुटांचं मला काही नव्हतं. मॉरिसव्हिलला परत जाऊन पुन्हा पोती लावीन, त्याचंही नाही. पण तिथे भाची विचारणार, काय झालं, आणि मी काय सांगणार? तिने ज्याला खोटं बोलत नाही म्हणून पाठवला, तो खोटा म्हणून परत आला?

दोन दिवस वारा सुटला. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, सगळ्या बोटी आत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोटेलच्या ऑफिसात काकांकडे बसलो होतो. काउंटरमागे रेडिओ होता. हवामान ऐकायला सगळ्या गिऱ्हाइकांना लागतो. मी तो रोज बघत होतो. काकांनी चहा दिला, माझा चेहरा बघितला, आणि मला हसवायला म्हणाले,

"काय भाऊ! तीन, आठ. पाच, चार!"

मराठीत. सरळ, स्वच्छ.

कप माझ्या हातातच राहिला. "काका, तुम्हाला मराठी येतं?"

"थोडा थोडा. हम वलसाड के, भाई. बाजू में महाराष्ट्र. आणि आकडा तर आपला सारखाच ना? तमारा चार, अमारा चार. तमारा आठ, अमारा आठ." ते खुलून बोलत होते. "रोज ऐकतो मी. सगळा दिवस इंग्लिश, इंग्लिश, आणि मग एकदम तुझा आवाज! मी सगळ्यांना सांगतो, लिसन, दॅट इज माय बॉय, ही इज सेइंग थ्री एट. तो लाल दाढीवाला तर रोज पहाटे कॉफी घेताना विचारतो, काल युअर बॉय काय बोलला? फार चांगला माणूस. त्याला आपल्या भाषेत इंटरेस्ट आहे."

मी चहा प्यायलो. जीभ भाजली. इतके दिवस मी भिंती वाजवत होतो, आणि हे काउंटरवर बसून कौतुकाने सांगत होते. राग यायला हवा होता. पण आपल्या आवाजाची दिवसभर कोणी वाट बघतं, हे ऐकल्यावर राग कुठे ठेवायचा?

आणि मी तांडेलाला काय सांगितलं होतं? नो वन. खोटं नव्हतं ते. मराठी माणूस गावात खरोखर दुसरा नव्हता. काका गुजराती, माझ्या डोक्यात गुजराती वेगळं, मराठी वेगळं, मध्ये पक्की भिंत. चार म्हणजे त्यांच्यातही चारच, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण प्रश्न आला तेव्हा ते प्रश्नाजवळ आलंच नाही. हे एखाद्या गोऱ्या माणसाला समजावून सांगायचं कसं? त्याला दिसणार ते एवढंच: गावात दोन इंडियन, एकाच छपराखाली, आणि त्यातला एक म्हणतो, इथे दुसरं कोणी नाही.

तरी सांगितलं. वारा पडल्यावर पहिल्या दिवशी, तारा सोडायच्या आधी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. "ही नो बॅड मॅन," मी तीनदा म्हणालो. "ही हॅपी. ही लिसन, ही हॅपी. आय मिस्टेक."

तांडेलाने सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "बघू या."

त्या दिवशी आम्हाला चाळीस वावांवर बरा मासा लागला. पण त्याने मला रेडिओ हातात दिला आणि कागदावर वेगळेच आकडे लिहून दिले. उत्तरेची जागा, दोन तास लांब, जिथे त्या हंगामात कोणी एक मासा बघितला नव्हता. मेव्हण्याला आधीच सांगून ठेवलं असणार. मी कागदाकडे बघितलं आणि समजलं. उद्या हिरवी बोट उत्तरेला गेली तर मी खरा. आमच्या मागे आली तर मी खोटा.

मी बटण दाबलं. "दोन, सहा. नऊ, एक." माझाच आवाज मला चोरासारखा वाटला. टेकडीवर एक म्हातारा माणूस आनंदाने कान लावून बसला असेल, त्याला मी आमच्या दोघांच्या आकड्यांत फसवत होतो.

संध्याकाळी मोटेलात गेलो तर काका दारातच उभे. "सब ठीक? आवाज आज वेगळा होता. मला वाटलं बोटीला काही झालं."

हाच तो क्षण होता. सांगितलं असतं की काका, उद्या काही बोलू नका, तर ते बोलले नसते. पण मग हिरवी बोट उत्तरेला गेली नसती, आणि मी दाखवायला काय घेऊन उभा राहिलो असतो? "सर्दी झालीय," मी म्हणालो. ते आत जाऊन ओवा घेऊन आले, पुडीत बांधून. मी तो घेतला.

सकाळी हिरवी बोट उत्तरेला गेली. तांडेल दुर्बीण लावून बघत होता. ती टिंबाएवढी होऊन दिसेनाशी झाली तेव्हा त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली, खात्री करून घ्यायला. मी बघितलं. रिकामं पाणी होतं. "ओके," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, न मागता, माझ्यासाठी कॉफी ओतली.

लाल दाढीवाला संध्याकाळी ऑफिसात येऊन काकांना वाटेल ते बोलला. म्हातारा खोटारडा, तू आणि तुझा बॉय, वगैरे. मी मागच्या जिन्यात उभा राहून सगळं ऐकलं आणि खाली उतरलो नाही. त्याने दुसऱ्या दिवशी खोली सोडली. मग मी काकांपुढे जाऊन उभा राहिलो.

"ते आकडे तूच बोललास ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोटे होते?"

"हो काका." आणि मी सगळं सांगितलं, खूण, संशय, पुतण्या, सगळं. सांगताना हिंदी कधी सुटलं आणि मराठी कधी सुरू झालं कळलं नाही. त्यांना सगळं कळत होतं.

त्यांचा हात माळेवर गेला. "म्हणजे रोज मीच सांगत होतो," ते म्हणाले. "तुझं नुकसान मी करत होतो, आणि तुला थेपले देत होतो." मी काहीतरी बोलायला गेलो तर हात वर करून थांबवलं. "पण परवा संध्याकाळी मी दारात होतो. तेव्हा सांगायचं होतंस, भाई."

 

तांडेलाने आकडे बंद केले. मी त्याला माशांची नावं दिली: सरंगा, सुरमई, बांगडा, रावस, बोंबील, एकेक आकड्याला एकेक. काकांना ती कधीच कळणार नव्हती. त्यांच्या घरात या नावांचा उच्चारही कधी झाला नसेल. मेव्हणा "बोम्बिल, बोम्बिल" करत ओरडायचा. कोणी मागे आलं नाही. पुतण्याचं नाव परत निघालं नाही. चहा रोज तयार असायचा, थेपलेही. फक्त रेडिओचा आवाज काकांनी बारीक केला होता, हवामानापुरता. मी कधी ऑफिसात शिरलो की ते आपणहून बंद करायचे, जसं घरात पाहुणा आल्यावर टीव्ही बंद करतात. हे माझ्या भल्यासाठी की मला दाखवायला, हे मी अजून ओळखू शकलेलो नाही. विचारलंही नाही.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी डेक धुऊन झाल्यावर मी बूट स्वच्छ करून पिशवीत भरायला लागलो. तांडेल म्हणाला, "ते कुठे नेतोस? तिथे डाळीत घालणार आहेस का?" आणि पिशवी माझ्या हातातून घेऊन त्याने बूट केबिनच्या मागच्या खुंटीवर टांगले, त्याच्या बुटांच्या शेजारी.

मोटेलात चावी द्यायला गेलो. काकांनी वही उघडली. "पुढच्या वर्षी खोली ठेवू?"

"ठेवा काका."

त्यांनी लिहिलं. मग वही बंद न करता म्हणाले, "तो लाल दाढीवाला काल फोन करत होता. त्याला पण पाहिजे म्हणे." आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अजून हो म्हटलं नाही," काका म्हणाले, आणि वाटेत खायला म्हणून कागदाची पुडी माझ्यापुढे सरकवली.